वानरं बोलतात, भाषांतर आपण चुकवतो

घाटाखालच्या शिवारात हरभऱ्याला घाटे धरले की बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची राखण दोन पाळ्यांत वाटली जाते. रात्र रानडुकरांची आणि रोह्यांची, दिवस वानरांचा. रात्रभर जागल करून आलेला माणूस सकाळी जरा लवंडतो, तोवर बांधावरच्या कडुनिंबातून आठ-दहा काळी तोंडं खाली उतरलेली असतात. त्यांना घाई कसलीच नसते. एका हाताने झाड धरायचं, दुसऱ्याने घाटा तोडायचा, हिरवा दाणा तोंडात आणि टरफल जमिनीवर. बुजगावणं उभं केलं तर दोन दिवस बिचकतात. तिसऱ्या दिवशी एखादं त्याच्याच खांद्यावर बसून टेहळणी करतं. शिवारातून हाकललं तर गावात शिरतात. मग कवेलू फुटतात, टिनावर धाडधाड होते आणि अंगणात वाळत घातलेल्या डाळीचा फडशा पडतो.

‘लय बेरकी जात हाये,’ असं म्हणून शिव्या हासडणारा हाच माणूस शनिवारी मारुतीला तेल घालायला जातो. नांदुऱ्याला महामार्गाच्या कडेला १०५ फुटी हनुमान उभा आहे. त्याला हात जोडल्याशिवाय पुढे जाणारा ट्रकवाला विरळा. वानर एक तर चोर, नाही तर देव. या दोन टोकांच्या मध्ये एक साधा प्रश्न मात्र राहून जातो: त्या काळ्या तोंडामागे नेमकं काय चाललेलं असतं, आणि दिवसभर जे आवाज ते काढत असतं त्यांतून ते कुणाला काय सांगत असतं?

हा प्रश्न हौशी प्राणिप्रेमींचा नाही. त्याचं उत्तर चुकलं की बातम्या चुकतात, बंदोबस्त चुकतो आणि अखेर शेतकऱ्याचंच नुकसान होतं.

डिसेंबर २०२१ मधलं बीड जिल्ह्यातलं प्रकरण आठवून पाहावं. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरांनी कुत्र्यांविरुद्ध ‘गँगवॉर’ पुकारल्याची बातमी आली. कुत्र्यांनी वानराचं एक पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेली आणि खाली टाकली, अशी ती कथा होती. अडीचशे पिल्लं मेल्याचा आकडा गावकऱ्यांच्या तोंडून बातमीत आला आणि बातमीतून जगभर गेला. परदेशी वृत्तपत्रांनीही ‘सूड’ हाच शब्द उचलला. शेवटी नागपूरहून वनखात्याचं पथक आलं आणि त्याने दोन वानरं पकडून नेली. कथेला शेवटही सिनेमासारखा मिळाला.

वानरांच्या सवयी पाहिल्या तर मात्र दुसरं, फार साधं स्पष्टीकरण निघतं. वानरांच्या टोळीत पिल्लू एकट्या आईचं नसतं. जन्मल्यापासून काही तासांतच मावश्या, बहिणी, अर्धवट वयाच्या पोरी ते काळपट पिल्लू आईच्या कुशीतून ओढून घेतात, कवटाळतात, कंटाळा आला की दुसरीकडे देतात. लहान, केसाळ, कुईकुई करणारं काहीही दिसलं की उचलून घ्यायची ओढ या प्राण्याच्या हाडीमाशी भिनलेली आहे. फरक एवढाच की वानराचं पिल्लू पोटाच्या केसांना घट्ट धरून लटकतं. कुत्र्याच्या पिल्लाला ते जमत नाही. माळवदावर किंवा झाडाच्या शेंड्यावर नेलेलं पिल्लू एक तर पडतं किंवा दुधावाचून मरतं. मेलेलं पिल्लू खरंच असतं. त्यामागचा सूड मात्र आपण घातलेला असतो.

सुडाला काय काय लागतं याचा जरा विचार करावा. घडलेला अपराध लक्षात ठेवायचा, तो एका कुत्र्याचा नव्हे तर अख्ख्या कुत्रेजातीचा मानायचा, त्याची शिक्षा त्यांच्या लेकरांना द्यायची असं ठरवायचं आणि तो बेत आठवडेच्या आठवडे तडीस न्यायचा. एवढा लांबचा हिशेब माणसं करतात. भाऊबंदकीत बांधासाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना तो अवघड वाटत नाही, म्हणून वानरालाही तो सहज जमत असेल असं वाटून जातं.

याच्या बरोबर उलटी चूकही मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे. बिरबलाची ती गोष्ट प्रत्येकाने ऐकलेली असते: हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू, पाणी वाढत जातं, नाकाशी येताच ती पिल्लाला पायाखाली घेऊन त्याच्यावर उभी राहते. राजकारणातल्या भाषणांपासून घरगुती भांडणांपर्यंत ही माकडीण अजून साक्षीला बोलावली जाते. प्रत्यक्षात मेलेलं पिल्लू उराशी धरून दिवसचे दिवस हिंडणाऱ्या वानरी अभ्यासकांनी नोंदल्या आहेत. पिल्लू वाळून कोळ झालं तरी एका हाताने ते सावरत ती तीन पायांवर टोळीमागे जात असते. बिरबलाचा हौद गोष्टीतला आहे. ही वानरी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

म्हणजे एकीकडे नसलेली भावना चिकटवायची आणि दुसरीकडे असलेली नाकारायची. शास्त्रज्ञही याच झोक्यावर बसले होते, तेही अर्धं शतक. त्यांचा प्राणी मात्र वानर नव्हता. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान या शेपूट नसलेल्या मंडळींना मराठीत कपी म्हणतात आणि ते माणसाचे वानरापेक्षा कितीतरी जवळचे नातलग आहेत. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी फुटल्या. वानर-माकडांची वाट त्याहून कितीतरी मागे, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली.

अमेरिकेत १९६६ मध्ये ॲलन आणि बिॲट्रिक्स गार्डनर या दांपत्याने वॉशो नावाच्या चिंपांझी मादीला घरात वाढवून बहिऱ्यांची हातवाऱ्यांची भाषा शिकवायला घेतली. तिला शंभरावर खुणा आल्या. मग हर्बर्ट टेरेस यांनी १९७३ मध्ये निम नावाचं चिंपांझीचं पोर हाती घेतलं. हे पोर वाक्यं रचतं का, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. वर्षानुवर्षांच्या चित्रफिती पुन्हा पाहिल्यावर त्यांनाच वेगळं दिसलं: निम बहुतेक वेळा शिक्षकाच्या खुणांची नक्कल करतो आणि त्याला संत्रं हवं असलं की ‘दे’, ‘मी’, ‘खा’, ‘संत्रं’ याच खुणांची रास रचत राहतो. त्याच्या सर्वांत लांब वाक्यात सोळा खुणा होत्या आणि अर्थ एकच: संत्रं दे. १९७९ मध्ये टेरेस यांनी स्वतःच्याच प्रयोगाविरुद्ध निष्कर्ष छापला आणि कपींच्या भाषेचा बाजार एका रात्रीत बसला.

तो पुन्हा उठवला कान्झीने. हा बोनोबो १९८० मध्ये जन्मला. स्यू सॅव्हेज-रंबो त्याला शिकवतच नव्हत्या. त्या शिकवत होत्या त्याला सांभाळणाऱ्या मताता या मादीला, फळ्यावरच्या चिन्हांवर बोट ठेवून बोलायला. मताताला फारसं जमलं नाही. कडेला खोड्या करणाऱ्या पोराने मात्र ते सगळं टिपलं होतं. मताताला काही दिवस दुसरीकडे हलवल्यावर कान्झी आपणहून फळ्याकडे गेला आणि चिन्हं दाबू लागला. पुढे त्याला ६६० नवी इंग्रजी वाक्यं ऐकवून तशी कृती करायला सांगितलं, तेव्हा त्याने सुमारे ७२ टक्के बरोबर केली. सोबत तपासलेल्या दोन वर्षांच्या मुलीची ६६ टक्के आली. मार्च २०२५ मध्ये कान्झी वारला. त्याला बरंच समजत होतं. पण गोष्ट सांगावी, कालची आठवण काढावी, ‘हे काय?’ म्हणून पोरासारखं भंडावून सोडावं, असं तो जवळजवळ कधीच बोलला नाही. कपीला आपले शब्द कळतात. आपल्यासारखी बडबडीची खाज त्याला नाही.

भावनेच्या बाबतीत मात्र या प्रयोगांनी न ठरवता काहीतरी दाखवून दिलं. वॉशोला सांभाळणारी एक बाई गरोदर होती आणि वॉशो तिच्या पोटाविषयी खुणांनी विचारत असे. गर्भ पडला. बाई बऱ्याच दिवसांनी परतली तेव्हा वॉशो रुसून दूर बसली. बाईने खुणेने सांगितलं: बाळ मेलं. वॉशोने मान खाली घातली, मग तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि गालावरून बोट ओघळवत ‘रडू’ अशी खूण केली. वॉशोचे अभ्यासक रॉजर फाउट्स यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. वॉशोची स्वतःची पिल्लंही दगावली होती. चिंपांझी अश्रू ढाळत नाहीत. ती खूण तिने माणसाच्या चेहऱ्यावरून उचलली होती.

आणि २०१६ मधला तो व्हिडिओ तर भारतातही फोनाफोनी फिरला. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात ५९ वर्षांची ‘मामा’ नावाची चिंपांझी मरणाला टेकली होती, खाणं सोडून मुटकुळं करून पडली होती. तिचे जुने परिचित, प्राध्यापक यान फान होफ पिंजऱ्यात गेले. ओळख पटताच तिचा चेहरा फुलला, तिने हात लांबवून त्यांचे केस थोपटले आणि मानेभोवती हात टाकला. प्राणिवर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी या भेटीवरून आपल्या पुस्तकाचं नाव ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की प्राण्यांना माणसाच्या भावना चिकटवणं ही जशी चूक, तशीच त्यांच्यात दिसणारी ओळखीची भावना डोळे मिटून नाकारणंही चूकच.

पण खरी कलाटणी शिकवणी बंद करून कान उघडे ठेवणाऱ्यांनी दिली. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडाल यांनी फिगन नावाच्या तरुण चिंपांझीला केळी मिळालेली पाहिली. आनंदाने त्याच्या तोंडून आवाज निघाले, मोठे नर धावून आले आणि केळी गेली. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा केळी मिळाली. या वेळी तो गप्प राहिला. घशात बारीक गुरगुर तेवढी अडकल्यासारखी ऐकू येत होती. भावना दाटली की चिंपांझीचा आवाज आपोआप फुटतो, तो आवरणं त्याला महाकठीण, असं गुडाल मानत. पण फिगनने तो आवरला. पुढे २०१२ मध्ये युगांडाच्या बुडोंगो जंगलात वाटेवर खोटा साप ठेवून पाहिलं, तेव्हा साप आधीच पाहिलेल्या सोबत्यांपेक्षा न पाहिलेल्यांसाठी चिंपांझी जास्त ओरडले. नुसत्या भीतीने किंचाळणं निराळं; ‘याला ठाऊक नाही’ हे ओळखून हाक देणं निराळं. आणि २०२५ मध्ये काँगोच्या कोकोलोपोरी जंगलातल्या बोनोबोंच्या शेकडो ध्वनिमुद्रणांवरून दिसून आलं, की ते दोन आवाज जोडून त्या दोहोंच्या बेरजेपेक्षा वेगळा अर्थ काढतात.

इथे बुलढाण्याच्या वानराकडे परत यायला हवं, कारण त्याचे आवाज ऐकायचं काम या मातीतल्या लोकांनी प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी केलेलं आहे. टोळीच्या नराला मराठीत ‘हुप्प्या’ म्हणतात. ते नाव कुणा पंडिताने दिलेलं नाही, त्याच्याच तोंडून घेतलेलं आहे. सकाळी उंच फांदीवरून घुमणारी ‘हूप, हूप’ शेजारच्या टोळीला हद्द सांगते. घशातून खोकल्यासारखा फुटणारा ‘खक्’ मात्र निराळाच: बिबट्या किंवा वाघ दिसला. ज्ञानगंगा अभयारण्यातला वनरक्षक हा खकार ऐकताच थांबतो, वानराची नजर कुठे खिळली आहे ते पाहतो आणि मगच पाऊल टाकतो. चितळंही तेच करतात. पॉल न्यूटन यांनी ऐंशीच्या दशकात कान्ह्यात वानर-चितळांच्या या भागीदारीचा अभ्यास केला: वानर वरून पाहतो आणि पाला खाली टाकतो, चितळाला खालचा वास आणि चाहूल आधी लागते. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटर तुडवत ज्ञानगंगेत पोहोचला. त्याच्या गळ्यातली रेडिओ कॉलर शास्त्रज्ञांना त्याचं ठिकाण कळवत होती. जंगलातल्या बाकी सगळ्यांसाठी अशी खबर द्यायचं काम वानराकडे असतं.

दिल्लीने २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी हीच भाषा भाड्याने घेतली होती. लाल तोंडाच्या माकडांना पळवण्यासाठी तिथे रस्तोरस्ती वानरांचे कटआउट लावले आणि हुप्प्याचा आवाज काढणारी माणसं कामाला ठेवली. लोक हसले, पण शहाणपणा त्यात होता. खरा माणूस योग्य जागी, योग्य वेळी आवाज काढत होता. शेतावर लावलेला भोंगा मात्र दिवसातून वीस वेळा वाघाची तीच डरकाळी फोडतो आणि वाघ एकदाही येत नाही. डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांनी केनियाच्या व्हर्वेट माकडांवर हे तपासून पाहिलं आहे: एखाद्या माकडाचा इशारा वारंवार खोटा ठरवला की बाकीची माकडं त्या माकडापुरतं लक्ष देणं सोडतात. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट त्यांना सांगावी लागत नाही. दोन हजारांचा भोंगा आठवड्यात निकामी का होतो, याचं उत्तर विक्रेत्याकडे नाही, त्या माकडांकडे आहे.

दुसरा महागात पडणारा गैरसमज पकडापकडीचा. गावात तक्रार वाढली की सर्वांत मोठा, दात विचकणारा हुप्प्या ‘म्होरक्या’ ठरतो आणि पिंजरा त्याच्यासाठी लागतो. याचा परिणाम काय होतो हे धारवाडजवळ युकिमारु सुगियामा या जपानी अभ्यासकाने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच पाहिलं. त्यांनी एका टोळीतला एकमेव मोठा नर काढून घेतला. बाहेरचा नर आत घुसला आणि त्याने टोळीतल्या अंगावरच्या पिल्लांना चावून मारलं. १९७१ पासून अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनी हाच प्रकार नैसर्गिक सत्तापालटात पाहिला आणि त्याची कारणमीमांसा मांडली: पिल्लू पाजत असलेली मादी माजावर येत नाही, आणि नव्या नराच्या हाती जेमतेम दोन-तीन वर्षं असतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या लघुकादंबरीमुळे हे जग मराठी वाचकाला चाळीस वर्षांपासून ओळखीचं आहे. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. तरी हुप्प्या धरून नेला की टोळी वठणीवर येते, असा समज गावोगाव टिकून आहे. प्रत्यक्षात टोळी बिथरते, बाहेरचे नर घिरट्या घालू लागतात, पिल्लं गमावलेल्या माद्या काही महिन्यांत पुन्हा गाभण राहतात. आणि शिवारातलं खाणं तसंच राहतं.

यावर शेतकरी म्हणेल की वानराचं मन ओळखून हरभरा वाचत नाही. त्याचं म्हणणं रास्त आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात बत्तीस एकर जमीन कागदोपत्री गावातल्या माकडांच्या नावे आहे. तिची बातमी २०२२ मध्ये देशभर कौतुकाने छापली गेली. बुलढाण्यातल्या दोन एकरवाल्याला असं औदार्य परवडणारं नाही आणि त्याच्याकडून ते मागण्याचा अधिकारही शहरातल्या वाचकाला नाही. नुकसान झालं तर पंचनामा वेळेत व्हावा, पैसे हंगाम उलटण्याआधी मिळावेत, ही मागणी भूतदयेच्या आड येत नाही.

पण बंदोबस्त करायचाच तर तो या प्राण्याचं ऐकून करावा. बुलढाणा–खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या जंगलात गाडी थांबवून केळी आणि बिस्किटं टाकली जातात. त्यांतून टोळीला नवा धडा मिळतो, की माणूस जवळ आला म्हणजे खाणं आलं. पुढे तीच टोळी बाईच्या हातातली पिशवी ओढते तेव्हा आपण त्याला ‘हल्ला’ म्हणतो. ही मेजवानी थांबवणं वनखात्याला दंडाच्या दोन पावत्यांत जमेल. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि वनखात्याने मिळून घाटाखालच्या दहा गावांत नुसती वही ठेवली तरी पुष्कळ होईल: टोळी किती जणांची, नर किती, कोणत्या झाडांवर रात्र काढते, कोणत्या वेळी शिवारात उतरते, कशाने पळाली आणि किती दिवसांनी परतली. दोन हंगामांच्या अशा नोंदी हाताशी आल्या, तर पिंजरा कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे आरडाओरड्यावर ठरणार नाही. बातमीदारांनीही ‘सूड’ लिहिण्याआधी त्या वहीत एकदा डोकावावं.

अंबाबारवा अभयारण्याच्या कडेला, संग्रामपूरकडच्या एखाद्या शेतात, उन्हं चढताना भोंगा वाघासारखा गुरकावतो. हरभऱ्यातली वानरं मानही वर करत नाहीत. घाटे सोलण्याचा उद्योग चालू राहतो. राखणीला बसलेलं पोर मोबाइलमध्ये डोकं घालून असतं. तेवढ्यात नाल्यापलीकडच्या सागातून एकच कोरडा ‘खक्’ येतो. वानरं जागच्या जागी थिजतात, बांधावरचा मोर ओरडतो, कुत्रं उठून उभं राहतं. पोरही मोबाइल खाली ठेवतं आणि नाल्याकडे बघू लागतं.